निम्मा वारा

आमचे हे बंदराच्या कचेरीत माईकवर हवामान सांगतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा. वारा किती नॉट, कुठल्या बाजूचा, लाट केवढी, भरती कधी, ओहोटी कधी. खांबावरचा भोंगा गावभर ऐकू जातो, म्हणून गावाने ह्यांचं नावच भोंगेकाका ठेवलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, "घरी बोलेल ना गं हा, की सगळं तिकडेच संपवून येईल?" आत्याची जीभ काळी, दुसरं काय. घरी हे मोजकंच बोलतात.

पण जेवढं बोलतात तेवढं वाढवून. पाच पाहुणे येणार असले की दहा सांगतील. डॉक्टर साधी सर्दी म्हणाला की घरी पोचेपर्यंत तिचा न्यूमोनिया झालेला. आभाळ निरभ्र असलं तरी काखेत छत्री असायचीच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसा आमच्यापाठी तो कायमचा मुक्कामाला. मी संसाराच्या सुरुवातीलाच शहाणी झाले. ह्यांनी काहीही सांगितलं की निम्मं करून घ्यायचं, आणि कामाला लागायचं.

कचेरीच्या माडीवर ह्यांची खोली. तीन बाजूंना काचा, आणि काचांवर खारट वाऱ्याचा पांढुरका थर, कितीही पुसा. एक टेबल, एक पाय आखूड असलेली खुर्ची आणि त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. माईकचा फोमचा टोप झिजून गेला तेव्हापासून ह्यांचा रुमाल त्यावर रबराने बांधलेला असतो. तो धुवायला घरी येतो, म्हणजे माझ्याकडे. कोपऱ्यातल्या मशीनमधून हवामान खात्याचा कागद येतो, तो घ्यायचा आणि वाचायचा, एवढंच काम. त्यातही ह्यांनी आपला स्वभाव घातलाच. कागदावर दहा नॉटचा वारा असला की ह्यांच्या तोंडून वीस निघणार. लाट एक मीटर असली की दोन. मी एकदा विचारलं, "अहो, असं खोटं का सांगता?" तर म्हणाले, "घाबरून घरी बसलेला माणूस मला रोज दिसतो. न घाबरलेला एखाद्या दिवशी दिसायचाच बंद होतो."

गाव काही खुळं नव्हतं. होडीवाल्यांना हिशेब कधीच कळला होता. भोंगा वीस म्हणाला की दहा धरायचे, तीस म्हणाला की पंधरा. यात सगळ्यांत पुढे माझा धाकटा भाऊ. त्याची स्वतःची लहान मोटरहोडी, आणि जिभेला हाड नाही. धक्क्यावर सगळ्यांना सांगत सुटायचा, "भाऊजींचा वारा निम्मा, लाट निम्मी, फक्त ताईचा राग तेवढा पुरा." सकाळचं सांगून झालं की तो काचेखाली उभा राहायचा, उजवा हात डोक्याच्या वर उंच न्यायचा आणि तिथून कमरेपर्यंत खाली आणायचा. म्हणजे निम्मा. वरून हे बोट दाखवून दटावायचे, खालून तो हसायचा आणि होडी सोडायचा. हा त्या दोघांचा रोजचा खेळ होता. लोक निम्मं करतात हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणून हे दुप्पट सांगायचे, ते निम्मं करायचे, आणि खरा आकडा ज्याच्या त्याच्या डोक्यात बिनचूक पोचायचा. वेडगळ पद्धत होती, पण चालत होती.

मग बंदरावर नवे साहेब आले. तरुण, इस्त्रीचे, वेळेच्या आधी हजर. सहलीच्या होड्यांच्या मालकांनी त्यांच्या कानावर घातलं की भोंग्यामुळे गिऱ्हाईक पळतं. साहेब एका सकाळी माडीवर गेले आणि ह्यांचं वाचून होईपर्यंत मागे उभे राहिले. मग कागद हातात घेऊन, शिपाई आणि ते मालक यांच्यासमोर विचारलं, "इथे दहा आहेत. भोंग्यावर वीस कसे झाले?"

हे म्हणाले, "साहेब, वाटेत वाढला असेल."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "तुम्हाला वारा वाचायला ठेवलंय, बनवायला नाही. यापुढे एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला, तर माईक दुसऱ्याच्या हातात जाईल."

हे घरी आले ते फणफणत. इतक्या वर्षांत एक माणूस बुडाला नाही या बंदरात, हे ह्यांनी मला चारदा ऐकवलं. मी म्हटलं, "साहेब म्हणतात ते वाचा आणि मोकळे व्हा. आपल्याला काय?" हे म्हणाले, "वाचतो. अगदी तसंच वाचतो. मग कळेल त्यांना." जेवताना एक शब्द नाही. रुसलेलं माणूस ताटातलं मीठसुद्धा मागत नाही, तसं.

त्याच आठवड्यात तो कागद आला. सकाळी वारा मंद, दुपारनंतर समुद्राकडून चोवीस नॉट, आणि नेमकी त्याच वेळी ओहोटी भर जोरात. आमच्या बंदरात हे सगळ्यांत वाईट. खाडीचं तोंड अरुंद. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं, वारा त्याला आत रेटणारा. अरुंद दारात दोन जावा समोरासमोर आल्या आणि कोणीच मागे सरेना, तसं होतं. पाणी पुढेही जात नाही, मागेही येत नाही, उभंच राहतं. एरवी असा कागद आला असता तर ह्यांनी पन्नास सांगितले असते आणि वर "कोणी होडी सोडू नये" असं तीनदा ओरडले असते. त्या दिवशी साहेब खालीच होते. ह्यांनी रुमालापुढे तोंड नेलं आणि जसंच्या तसं वाचलं. दुपारनंतर वारा चोवीस नॉट. भरती-ओहोटीच्या वेळा. सूचना समाप्त.

मी स्वयंपाकघरात ऐकलं. चोवीसचे बारा, म्हणजे वाळत घालायला उत्तम. चादरी धुतल्या आणि गच्चीवर टाकल्या. गावात सगळ्यांनी हेच केलं. धक्क्यावरही चोवीसचे बारा झाले आणि होड्या सुटल्या.

दुपारी माझी मोठी चादर दोरीवरून सुटून शेजारच्यांच्या टाकीवर जाऊन बसली. ती ओढून काढताना हातातून निसटत होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा बाराचा वारा नाही. मी चादर तशीच टाकली आणि चपला न घालता धक्क्याकडे धावले.

बाकीच्या होड्या वारा फिरताच परतल्या होत्या. भाऊ सगळ्यांत लांब गेला होता, कारण लांब जायचा त्याला हुरूप. तो परतताना खाडीच्या तोंडाशी आला तेव्हा पाणी उभं होतं. होडी आडवी झाली आणि उलटली. त्याने तिची कड सोडली नाही. लाटेने होडी धक्क्याच्या दगडांवर आणली आणि त्याचा उजवा हात मध्ये सापडला. एका म्हाताऱ्या नावाड्याने दोर कमरेला बांधून त्याला ओढून काढलं. मी पोचले तेव्हा तो दगडांवर पडला होता, शुद्धीवर होता, आणि हात कोणीतरी शर्टात गुंडाळला होता. वर काचेत हे उभे होते. खाली आले नाहीत.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, हात मात्र कामातून गेला. वहिनी, म्हणजे भावाची बायको, खोलीच्या दाराशी बसली होती. मी ह्यांना शोधत जिन्यात गेले. हे पायरीवर बसले होते, छत्री मांडीवर. आणि तिथे ह्यांनी मला ते सांगितलं.

"तो काचेखाली उभा होता," हे म्हणाले. "नेहमीसारखा हात वर नेला आणि खाली आणला. निम्मा. मी पाहिलं. माईक चालू होता. आज निम्मा करू नकोस, एवढंच म्हणायचं होतं मला. मी बटण बंद केलं."

"का पण?"

"साहेब खाली होते. म्हटलं, घ्या तुमचा आकडा. होऊ दे फजिती. दोन-चार होड्या भिजून येतील, लोक ओरडतील, मग साहेब माझ्याकडे येतील. एवढंच होतं गं मनात."

मला असा संताप आला. मी म्हटलं, "तेव्हा तोंड शिवलं होतंत, आता कशाला उसवताय?" आणि दुसऱ्याच क्षणी लाज वाटली. ह्यांची वाटली. ह्यांच्याशी लग्न केलं त्याची वाटली. आणि त्या चादरींची वाटली, का ते मला सांगता येणार नाही.

वर आलो तर वहिनी उठून उभी राहिली. ह्यांना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही चोवीस सांगितले होते हो. मी कानांनी ऐकलं. ह्यांनीच चेष्टेवारी नेलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि तिने ह्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. हे त्या खुर्चीवर बसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? मला तिथे जमिनीकडे बघत उभं राहावं लागलं, आणि ती फरशी काही हलली नाही.

पुढे चौकशी झाली. कचेरीच्या खालच्या दालनात खुर्च्या मांडल्या, सगळे होडीवाले आले, भाऊ पुढच्या रांगेत हात गळ्यात बांधून. साहेबांनी कागद वाचून दाखवला. सूचना कागदाबरहुकूम दिली गेली होती, शब्दाचाही फरक नव्हता, कचेरीकडून कोणतीही चूक नाही. नावाड्यांनीही माना डोलावल्या. खरं आहे साहेब, आम्हीच निम्मं धरलं. मग साहेब म्हणाले, "इतक्या अचूक कामाबद्दल मी भोंगेकाकांचं सर्वांसमोर कौतुक करतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा भाऊसुद्धा डाव्या हाताने मांडीवर थापा मारत होता, ह्यांच्याकडे वळून हसत.

हे मागच्या खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आभार मानतील आणि बसतील. मनात आलं, मानावेत आणि बसावं.

"टाळ्या नकोत," हे म्हणाले. त्यांचा आवाज भोंग्याशिवाय किती बारीक आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. "लोक निम्मं धरणार हे मला ठाऊक होतं. मीच तशी सवय लावली. हा खाली उभा होता, निम्मा असा हात केला, तो मी पाहिला. माईक चालू होता. साहेबांवर रुसलो होतो म्हणून बोललो नाही. आकडा बरोबर होता. मी बरोबर नव्हतो."

साहेबांनी कागदाची घडी केली, परत उघडली. भावाची मांडीवरची थाप थांबली होती, हात तिथेच राहिला. वहिनीने ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. जिन्यातून वर आल्यावर मी तिच्यासमोर गप्प उभी होते, ते तिच्या लक्षात आलं असणार. भाऊ म्हणाला, "झालं का साहेब? माझी औषधाची वेळ झाली." दोघं उठून गेले.

मग कितीतरी दिवस ती दोघं आमच्या दारी आली नाहीत. मी जायचे, वहिनी पाणी द्यायची, आणि पाणी पिऊन झालं की मी परत यायचे. भावाने होडीचं इंजिन विकून टाकलं. धक्क्यावर बर्फाच्या दुकानात तो बसू लागला.

ह्यांची नोकरी गेली नाही. मला वाटतं, गेली असती तर ह्यांना सोपं झालं असतं. हे आता आकडा आहे तसाच सांगतात, आणि शेवटी न चुकता एक वाक्य जोडतात, "आकडा पुरा आहे. निम्मा धरू नये." साहेब म्हणाले होते, "हे वाक्य कागदावर नाही." हे म्हणाले, "मग माईक घ्या." साहेबांनी घेतला नाही. तेव्हापासून रोज दोन वेळा ते वाक्य सगळ्या गावावरून जातं. बाजारात भाजी घेताना ऐकू आलं की मी भाव करायचा सोडून पिशवीत तोंड घालते.

परवा सकाळी भाऊ आला. न सांगता, बर्फाचं दुकान उघडायच्या आधी. हे कामावर निघतच होते. मी मुद्दाम आत गेले नाही. ह्यांनी छत्री ठेवली, स्वतः चहा केला, आणि कप आणून ठेवला तो बरोबर भावाच्या डाव्या हाताशी, कपाचा कान डावीकडे वळवून. उजव्या बाजूला एकदाही पाहिलं नाही. भावाने चहा संपवला.

"भाऊजी, आज वारा किती?"

"चौदा."

"पुरा?"

"पुरा," हे म्हणाले, आणि तिथेच माझ्यासमोर, भावासमोर, त्यांनी तोंडावर दोन्ही हात घेतले.