ओढ्यापलीकडची चाळीस घरं

कौसल्याबाई मास्तरणीबद्दल गावात दोन गोष्टी बोलल्या जात. एक, नवऱ्यानं सोडलेली आहे; दोन, हट्टी आहे. पहिली साफ खोटी. नवरा जालन्याला नोकरीला होता अन् दर शनिवारी पुडाभर जिलेबी घेऊन एस.टी.नं यायचा. जिलेबी मी खाल्ली आहे. दुसरी मात्र खरी.

चौऱ्याहत्तर साली बाई राजूरजवळच्या आमच्या शाळेत तिसरीवर आल्या. बौद्ध घरातल्या, माहेर शहागडकडचं. शाळेच्या ओसरीच्या भिंतीवर गावाचा नकाशा होता. चौथीचा मास्तर म्हणून तो मीच रंगवलेला. मारुती, चावडी, सरपंच सर्जेराव पाटलांचं घर, सगळं त्यात. रस्ता मात्र ओढ्यापाशी संपवलेला. ओढ्यापलीकडं बौद्धांची चाळीस घरं, तिसरीतली निम्मी पोरं तिथली. काढ म्हणून मला कुणी सांगितलं नाही, अन् मी विचारलं नाही.

धडा आपल्या गावाचा होता. बाईंनी सांगितलं, एकेकानं यायचं अन् नकाशात आपल्या घरावर बोट ठेवायचं. बेबीनंदा नावाच्या पोरीनं चौकटीबाहेर, कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं. बोटाला चुना लागला. निम्मा वर्ग हसला.

दुसऱ्या दिवसापासून अख्खी तिसरी पावलं मोजत गावभर फिरू लागली. शाळा ते मारुती दोनशे दहा, शाळा ते बौद्धवाडा एकशे नव्वद. घ्या! देवापेक्षा बौद्धवाडा जवळ निघाला. आठ दिवसांत पोरांनी जुना नकाशा पुसून नवा काढला, बराबर मापात.

तो बघायला सर्जेराव आले.

"काय हो बाई, आमचं एवढं घर अन् काड्यापेटीवानी काढलं?"

"तुमच्या नातीनंच मोजलंय, पाटील. सोळा पावलं."

"लहान पोरीची पावलं ती!"

"लहान पावलांनी घर मोठंच भरतं, पाटील."

पाटलांनी नकाशात आपल्या घरावर बोट ठेवलं. मग बोट पुढं सरकलं. "अन् हे पल्याडचं कायला काढून राह्यले?"

"पोरं तिथून येतात म्हणून."

पाटील हेडमास्तर अप्पारावांकडं बघत निघून गेले. अप्पाराव म्हणजे पाटलांना 'जी' अन् बाईंना 'बघू'. त्यांनी नकाशाला हात लावला नाही. सुविचाराचा फळा उचलला अन् नेमका बौद्धवाड्यावर टांगला. रोज सकाळी बाई तो उतरवायच्या, दुपारी अप्पाराव टांगायचे. सुविचार लिहायचं काम माझं. 'सर्वांना समान माना' असंही मी त्यावर लिहिलं, मोठ्या झोकात.

तपासणीला साहेब आले तेव्हा फळा जागेवर होता. बाईंनी बेबीनंदाला उठवलं. "साहेबांना घर दाखव." पोरीनं फळ्यामागं हात घातला, पार कोपरापर्यंत.

"साहेब, फळा काढला तर दिसंल," बाई म्हणाल्या.

साहेब सुविचार वाचत होते. "वा! अक्षर कोणाचं?"

मी पुढं झालो. व्हायला नको होतं, पण झालो.

साहेब शेरेबुकात लिहून गेले : 'सुविचार फलक उत्तम. याच जागी कायम असावा.' दुसऱ्याच दिवशी अप्पारावांनी चार खिळे मारले.

फळा हलवावा म्हणून बाईंनी तीन वर्षांत सात अर्ज केले. प्रत्येकाला एकच उत्तर : शेरा साहेबांचा, बदल साहेबच करतील. अन् साहेबांची बदली कधीच झालेली, कुठं ते कुणाला सांगता येईना.

सातवं उत्तर आलं त्या सकाळी मी फळ्यावर लिहीत होतो. बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, अक्षर जरा खराब काढा न. इतकं खराब, की पुढचा साहेब म्हणला पाहिजे, उतरवा हा फळा."

"बाई, हात वळत न्हाई हो तसा."

"मंग राहू द्या," म्हणाल्या, अन् पोरांना घेऊन पाढ्यांना बसल्या.

मी ओळ पुरी केली.