वायंडिंगमावशी आणि आमची पवनचक्की

वायंडिंगमावशींना वारा आवडत नसे. शाळा सुटल्यावर मुलांकडून पवनचक्क्या बनवून घेणाऱ्या वर्गात शिकवायच्या, पण वाऱ्याबद्दल कधी चांगला शब्द नाही. "वाऱ्याचं काही खरं नसतं. आपली कॉइल चोख पाहिजे," असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि आम्ही रंगवलेली पाती न बघताच त्यांनी बाजूला सारली.

उल्हासनगरात त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळलेले पंखे, पाण्याचे पंप, शिलाई मशीनच्या मोटारी. नवरा गेल्यावर त्यांनीच ते चालवलं. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या शाळेत एका संस्थेने हा वर्ग सुरू केला, तेव्हा तार गुंडाळायला शिकवणारं कुणी मिळेना. आमच्या शिपाईकाकांनी मावशींचं नाव सुचवलं. "आयुष्यभर विजेवर पंखे फिरवले, आता पंख्यावर वीज काढा म्हणतात," असं पुटपुटत त्या आल्या आणि दोन वर्षं येत राहिल्या.

तार गुंडाळताना वेढे मोठ्याने मोजायचे आणि मध्ये कुणी बोललं तर सगळे सोडून पुन्हा एकपासून, असा त्यांचा नियम. वेढे चारशे. एकदा मुख्याध्यापक दारात येऊन "काय, कसं चाललंय?" म्हणाले तेव्हा आम्ही तीनशे बारावर होतो. मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढे वर्षभर सर त्या वर्गावरून बूट हातात घेऊन जातात, अशी अफवा होती.

संस्थेने सगळ्या शाळांतल्या आपल्या वर्गांची पवनचक्क्यांची स्पर्धा ठेवली, ती वांगणीच्या एका शाळेच्या सभागृहात होती. सगळ्यांना सारखा वारा मिळावा म्हणून मोठा स्टँडचा पंखा ठेवला होता. त्याच्यासमोर ज्यांची पवनचक्की जास्त दिवे लावेल ते पहिले. आम्ही चौघींनी सात दिवे लावले आणि सगळ्यांच्या पुढे गेलो. बदलापूरच्या मुलांचा एकच संघ उरला होता, तेवढ्यात पंखा घरघरला आणि बंद पडला. आयोजक म्हणाले, आता झालं तेवढ्यावरच निकाल लावू. आम्ही एकमेकींचे हात दाबले. मावशी उठल्या.

मी त्यांचा पदर धरला. "मावशी, राहू द्या ना. आपण जिंकतोय."

"अगं, पंखा बंद पडलाय," त्या म्हणाल्या, जणू तेवढंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डब्याच्या पिशवीतून पक्कड काढून त्या जमिनीवर बसल्या, पंखा उघडला, आतली तुटलेली तार जोडली. अर्ध्या तासात पंखा सुरू झाला. आधीपेक्षा जोरात, असं आमचं आजही म्हणणं आहे. बदलापूरचे नऊ दिवे लागले.

परतताना आम्ही रागाने त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही. उलट घरी जाताना म्हणाल्या, आज शहाण्यासारख्या वागलात.

खरा घोटाळा पुढे झाला. पंखा दुरुस्त केल्याबद्दल त्यांना प्रमाणपत्र द्यायचं म्हणून संस्थेने त्यांचं शिक्षण विचारलं. मावशींनी खरं ते सांगितलं, नववी. प्रमाणपत्र आलं आणि पाठोपाठ पत्र आलं: जूनपासून शिकवणारी व्यक्ती पदवीधर हवी.

आमचा राग तिथेच विरला. त्यांची समजूत काढायला आम्ही दुकानात गेलो, तर त्या सतरा नंबरचा फॉर्म भरत होत्या. बाहेरून दहावीला बसण्याचा. "बीजगणित कोण शिकवणार?" एवढंच त्यांनी विचारलं.

वर्षभर आम्ही चौघी आळीपाळीने शिकवायला जायचो. बीजगणित त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. विज्ञानात मात्र भांडण. पुस्तकातल्या मोटारीच्या आकृतीत तारेचा एकच वेढा होता. "याने मुंगीसुद्धा हलणार नाही," त्या म्हणाल्या आणि परीक्षेत खरीखुरी मोटार काढत बसल्या. पुढचे तीन प्रश्न राहून गेले. पास झाल्या, पण सगळ्यात कमी गुण विज्ञानात.

पुढे आम्ही चौघी चार कॉलेजांत पांगलो. मावशी बारावीही झाल्या. सध्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेत, विषय इतिहास. पवनचक्की शिकवायला इतिहास कशाला, असं मी परवा फोनवर विचारलं.

"पदवी पाहिजे म्हणाले ना?" मावशी म्हणाल्या. "कशातली ते लिहिलेलं नाही. मी दोनदा जाऊन विचारून आलेय."