न टिकणारे सफरचंद

त्या सफरचंदाचे वर्णन मी प्रथम वनस्पतिशास्त्राच्या शिस्तीने करते. दुसऱ्या कोणत्याही बाजूने सुरुवात केली, तर मला शेवटापर्यंत जाता येत नाही.

आकार मध्यमाहून लहान, देठाकडे किंचित चपटा, बोटांना जाणवतील अशा पुसट कडांचा. साल पातळ, कच्चेपणी हिरवट, पिकल्यावर जवळजवळ पांढरी. लाल रंगाचा मागमूस नाही. गर पांढरा, भरड, अतिशय रसाळ; चव आधी आंबट, मागाहून गोड. वास मात्र फळाच्या मानाने अवाढव्य. पिकण्याचा काळ जेठ महिना, म्हणजे इतर सफरचंदे अजून झाडावर कडक आणि तुरट असतात तेव्हा. एकाच झाडावरची फळे एका वेळी पिकत नाहीत आणि जे पिकते ते लगेच गळून पडते. बोटाने दाबले की ठसा उमटतो आणि बघता बघता तपकिरी होतो. तोडल्यावर काही दिवसांतच गर पिठूळ होतो. शिजत ठेवले तर सालीतून फेसासारखे फुलून बाहेर येते. बाजार ज्या ज्या गोष्टीला दोष म्हणतो, ती प्रत्येक गोष्ट या फळात होती.

असे फळ सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीपर्यंत पोहोचावे, याला आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीखेरीज दुसरे कारण नव्हते. आई खानावळ चालवीत असे. खानदेशातून यंत्रमागावर आलेली माणसे पाळी संपली की आमच्या ओट्यावर जेवत. पर्वत पाटियाकडच्या मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे भरून उत्तरेला जाणारा एक पहाडी ट्रकचालकही त्यांच्यात येऊन बसे. नव्वदच्या दशकाचा मध्य असावा. मी तेव्हा विज्ञान शाखेत शिकत होते. एका उन्हाळ्यात गावाहून परतताना त्याने गवतात गुंडाळलेली ही सफरचंदे आणली.

"भाभी, ये मंडी की चीज़ नहीं है," तो म्हणाला. "घर की चीज़ है."

झाड त्याच्या आजोबांनी दारात लावलेले होते. त्या जातीला गावात वेगळे नावही नव्हते. नुसते जेठातले म्हणत. आसपासच्या बागांतून ते केव्हाच गेले होते, कारण सगळ्यांनी टिकणारी, लाल, दूर पाठवता येणारी जात लावली होती.

टोपली खोलीत ठेवली आणि शेजारीण दाराशी आली.

"काय वं, तुमना घरमा लगीन शे का? अत्तरना वास ई ऱ्हायना."

"हाव, मनंच लगीन," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "नवरदेव कारखानामा शे. उना का बलावसू तुले."

फळे खाऊन झाल्यावर आईने बिया जपून ठेवल्या. तिला वाटले, माती आणि पाणी दिले की झाले. मी तिला सांगितले, या बियांना आधी हिवाळा लागतो. मग ओल्या फडक्यात बांधलेल्या बिया कोपऱ्यावरच्या सोडावाल्याच्या फ्रिजमध्ये राहिल्या आणि दिवाळीच्या सुमारास तेलाच्या डब्यात पेरल्या गेल्या. एकच रोप जगले. येणाऱ्याजाणाऱ्याला आई ते दाखवीत असे, आणि डिंडोलीची तिची बहीण म्हणे, "त्यापेक्षा मिरच्या लावल्या असत्या, तर ठेचा तरी झाला असता."

पुढच्या वर्षी आईच्या घशात भाकरी अडकू लागली. आधी तिने पाणी पिऊन ती ढकलली. मग भाकरी सोडून भात धरला, मग भाताची पेज. डॉक्टरांनी अन्ननलिकेचे नाव घेतले आणि बाहेर येऊन वडिलांना बाकीचे सांगितले. काही दिवस ती स्वतः न खाता इतरांसाठी रांधत राहिली, वासावरून मीठ ओळखत. नंतर फोडणीचा वासही तिला सोसेनासा झाला आणि खानावळ बंद झाली.

जेठात ट्रकचालक आला तेव्हा ओटा रिकामा होता. वाटेत उशीर झाल्याने सफरचंदे पिठूळ झाली होती, म्हणून तो टोपली पुढे करायलाही लाजत होता. मी ती सोलली नाहीत, चिरलीही नाहीत. तशीच पातेल्यात ठेवली. ती फुलून आली. वरचा फेस गाळून मी चमच्याने आईला भरवला. तिने डोळे मिटले. वडील तिच्या गळ्याकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे पाहत होते.

"उतरनं," आई म्हणाली.

वासाने तिला मळमळले नाही, आंबटपणाने लाळ सुटली आणि गर घशात रुतला नाही. मी तिला दुसरी सफरचंदेही शिजवून दिली. बाजारात मिळणाऱ्या त्या लाल, चकचकीत फळांचा गर शिजूनही कणीदार राहतो. ती ते परत काढून टाकी. जे फळ टिकत नाही, तेवढेच तिच्यात टिकत होते. टोपली संपेपर्यंत तिने रोज थोडे खाल्ले. जाताना ट्रकचालकाने सांगितले की भावांना घर वाढवायचे आहे आणि हिवाळा सरला की झाड जाईल.

वडील त्याला ट्रकपर्यंत पोहोचवायला गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "तो फांदी आनी दी. कवय कापानी ते सांग."

मी सांगितले, झाड झोपलेले असताना, कडक थंडीत. त्याप्रमाणे जानेवारीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या आल्या. डब्यातले आईचे रोप तोवर कलमाला पुरेसे जाड झाले होते. चाकू लावण्यापूर्वी मी वडिलांना स्पष्ट सांगितले की कलम जगले तरी फळाला काही वर्षे लागतील, आणि सुरतेच्या हवेत कदाचित ते कधी फुलणारही नाही. या काड्यांनी पहाडाची थंडी घेतलेली आहे, म्हणून यंदा फुटतील. पुढे थंडी कुठून आणायची?

"तू नुसतं कापी दे. सांधानं मी देखी लेसू."

वडील यंत्रमागावर सांधणीचे काम करीत. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की नव्या बीमच्या रुळावरचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडावा लागतो. चिमटीला राख लावून ते हजारो धागे पिळून जोडीत. त्यांचा सांधा मागावर सुटला, असे कधी कोणी म्हटले नव्हते. मी खोडाला आणि काडीला तिरपा छेद दिला, साल सालीला भिडवली. त्यांनी खिशातून पॉलिएस्टरचा धागा काढून वेढे घातले. दोन्ही सालींच्या मधली रेघ दिसेनाशी झाली.

खाटेवरून आई पाहत होती. तिचा आवाज फार बारीक झाला होता.

"मना करता लावू नका. तुमना करता लावा."

"गप ऱ्हाय. जेठमा खाशी तू."

"कोनता जेठ, ते सांगा पहिले," ती म्हणाली आणि हसली. वडील हसले नाहीत.

होळीच्या सुमारास कलमाचा डोळा फुटला. पाने आली, लवदार, राखी झाक असलेली. वडील कामावरून आले की आधी डब्याशी जात, मग आईशी. आणि पानांची बातमी आईला सांगत. ट्रकचालक जेठात आला तो रिकाम्या हातांनी. झाड पडले होते. तो आईच्या उशाशी थोडा वेळ बसला, डब्यातल्या रोपाला हात लावून गेला. म्हणजे ती जात आता, आम्हाला माहीत होते तेवढ्या जगात, आमच्या ओट्यावरच उरली होती.

त्याच महिन्यात मला पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला. जाण्याचा आग्रह आईचाच होता. निघताना मी वडिलांना सांगितले की पावसाआधी कलमाचा धागा सोडा, खोड आता जाड होत जाईल. त्यांनी मान हलवली. श्रावणात आई गेली. मी आले, दिवस झाले, परत गेले. त्या दिवसांत डब्याकडे पाहायचे मला सुचले नाही.

दिवाळीला आले तेव्हा कलम वाळलेले होते. धाग्याच्या वर खोड गाठीसारखे सुजले होते आणि धागा सालीच्या आत बुडाला होता. कारण उघड होते. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते. वाढत्या खोडाला धाग्याने आवळले, वाट बंद झाली, मुळे उपाशी राहिली आणि त्यांनी वर पाणी चढवणे सोडले. सुती दोरा असता तर उन्हापावसात कुजून सुटला असता. पॉलिएस्टर कुजत नाही.

"बाबा, धागा सोडला नाहीत?"

"सोडेल व्हता," ते म्हणाले. "तू सांगं तसाच सोडा. मग वारा सुटना. काडी हाली ऱ्हायंती. तुनी मायनी खाटवरथून देखं, म्हनी, पडी जाई ती. मग मी परत बांधा. पक्का बांधा." मग म्हणाले, "सांधा उघडा टाकीसन कोन झोपस, बेटा?"

मी ब्लेडने धागा काढू लागले, पण तो सालीपासून वेगळा होईना. गाठ निर्दोष होती.

तेव्हा वडिलांनी डब्याच्या कडेला बोट दाखवले. धाग्याच्या खाली, मातीला लागून, एक नवा फुटवा आला होता. दोनतीन पाने, हिरवी, लव नसल्यासारखी.

"हाई तेच शे का?"

मी त्यांना खोटे सांगू शकत नव्हते. मी सांगितले, नाही. हे आईने पेरलेल्या बियेचे झाड आहे. बी त्या फळातून निघाली, पण तिचा दुसरा जनक कुठल्या तरी बागेतला कोणत्या तरी लाल सफरचंदाचा परागकण असणार. याचे फळ तसे नसेल. तो वास नसेल, तो फेस येणार नाही. ती जात गेली.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. वाळलेली काडी हाताने मोडून बाजूला ठेवली, फेकली नाही. मग तांब्यातले पाणी फुटव्याच्या मुळाशी ओतत म्हणाले, "व्हई. पन हाई तिनी लायेल शे."