चमकणारं काही असेल तर काढा

मैत्रिणींनो, विनिपेगमध्ये बाहेर बर्फाचे ढीग आहेत आणि मी आज दुपारी कम्युनिटी पूलमध्ये तोंडात नळी धरून स्नॉर्केलिंग शिकत होते. हसू नका. लेकीने, सईने, पुढच्या महिन्याची कॅरिबियनची तिकिटं बुक केलीयत. "बाबा वुड हॅव वॉन्टेड इट," म्हणाली.

त्याच बेटावर दोन वर्षांपूर्वी मी आणि शिरीष गेलो होतो. बोटीवर गाइड म्हणाला, चमकणारं काही असेल तर काढून ठेवा, मोठे मासे त्याला भुलून जवळ येतात. मी काही मंगळसूत्र काढेना.

शिरीष हसला. "अगं, काढ की! मी इथेच आहे ना."

नाहीच काढलं. तो एकटा पाण्यात उतरला आणि मी बोटीवर बसून त्याच्या नळीचं केशरी टोक बघत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात शिरीष गेला. अंत्यविधीच्या वेळी नणंदेने माझ्या गळ्यातलं काढून घेतलं. मला कळलंसुद्धा नाही.

आज ट्रेनरनेही तेच सांगितलं, चमकणारं काही असेल तर काढा. माझा हात गळ्याशी गेला. सई पटकन म्हणाली, "यू आर गुड, आई. यू डोन्ट हॅव एनीथिंग ऑन."

नंतर पाण्याखाली रडले. ट्रेनरला वाटलं, मास्क लीक होतोय.

खरं सांगा, मी मंगळसूत्र घालून त्या बोटीवर गेले तर वेडेपणा होईल का? पाण्यात उतरताना काढेनच. पण या वेळी माझ्या हाताने.