खापरटोकाची खालची वाट

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. गेली अठरा वर्षं लोकांच्या हकिकती ऐकायच्या आणि त्यातलं खोटं बाजूला काढायचं, एवढंच काम करतोय. "साहेब, गाडी आपोआप मागे गेली" असं कुणी सांगितलं की मी आधी हँडब्रेक बघतो. आपोआप गेलेली एकही गाडी आजवर मला सापडलेली नाही. या मंचावरचे अनुभव वाचतानाही माझ्या तोंडून कितीदा तरी "काहीतरीच" निघालंय. तेव्हा माझं वाचून तुम्हीही "काहीतरीच" म्हणा, मला राग येणार नाही. उलट कुणी यातला हँडब्रेक दाखवून दिला तर बरं वाटेल... कारण दोन वर्षं झाली, मी तोच शोधतोय.

नाताळची सुट्टी होती. माझी मुलगी रेवा तेव्हा दहा वर्षांची होती. मी आणि तिची आई, शर्वरी, वेगळे राहतो. रेवा आईकडे असते, रविवारी माझ्याकडे येते. मुक्कामाला बाहेरगावी नेण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्यासाठी मी शर्वरीच्या सहा महिने मागे लागलो होतो. तिचं म्हणणं असं, की मी बेफिकीर नाही, पण मला सगळ्यातलं सगळं कळतं असं मला वाटतं, आणि ते जास्त वाईट. निघताना तिने एकच अट घातली – पाण्याच्या जवळ जाताना कुणाला तरी विचारायचं. मी हो म्हटलं. हे नीट झालं तर मे महिन्यात रेवाला आठवडाभर पाठवेन, असंही ती म्हणाली. त्या आठवड्यासाठी मी काय वाटेल ते कबूल केलं असतं.

आम्ही गेलो बाळूकाकांकडे. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. रत्नागिरी जिल्ह्यात हेदवीच्या अलीकडे त्यांचं छोटं गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. घरामागे पोफळी, पुढे पंधरा मिनिटांवर समुद्र. माझी लहानपणची पाचसहा वर्षं तिथे गेली आहेत, त्यामुळे तिथे पोचलो की मी लगेच गावकरी होतो. काकू याला "पुण्याचा गावकरी" म्हणतात.

आता जागा नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. गावाची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांबलचक आहे. तिच्या दक्षिणेला काळ्या खडकांचं एक टोक समुद्रात घुसलंय, त्याला खापरटोक म्हणतात. टोकापलीकडे दुसरी, लहान पुळण. तिथे चारपाच होड्या असतात आणि पर्यटक फारसे जात नाहीत. एका पुळणीवरून दुसरीवर जायला दोन वाटा. एक वरून, सड्यावरून म्हणजे वरच्या पठारावरून, कातळ तुडवत – तासभराची. दुसरी खालून, टोकाच्या पायथ्याने, वीस मिनिटांची, पण फक्त ओहोटीला. अलीकडे तिथे बाण आणि पाट्या लावून छान निसर्गवाट केली आहे. खालच्या वाटेच्या तोंडाशीही पाटी आहे: भरतीच्या वेळी या वाटेने जाऊ नये.

मी ती पाटी रेवाला मोठ्याने वाचून दाखवली होती. आणि त्या दिवशी सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभं राहून तिला आमची कोकणातली विद्याही शिकवली होती. भरती-ओहोटी बघायला आम्हाला ॲप लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची, की वेळ आली. त्या दिवशी चतुर्दशी होती, दुसऱ्या दिवशी दत्तजयंती. चौदाची पाऊणपट साडेदहा. "म्हणजे साडेदहाला पाणी पार आत गेलेलं असणार," मी म्हणालो. रेवाने बोटांवर मोजून बघितलं आणि बरोबर आहे म्हणाली. मला कोण अभिमान वाटला!

काका दत्तजयंतीचं सामान आणायला गुहागरला गेले होते. काकू म्हणाल्या, हे येऊ देत, मग जा, नाहीतर वरून जा. मी हसलो. शर्वरीला कबूल केलेलं आठवत होतं, नाही असं नाही. पण विचारायचं ते ज्याला माहीत नसेल त्याने, असं मी स्वतःला समजावलं.

सव्वादहाला आम्ही टोकाशी पोचलो. पाणी आत गेलेलं होतं. टोकाच्या पायथ्याने वाळूचा एक रुंद पट्टा सरळ पुढे वळून गेला होता, आणि वाळू कोरडी होती. ओहोटीनंतरची घट्ट, ओलसर नव्हे, चांगली भुसभुशीत... पाऊल रुतत होतं. मी रेवाचा हात धरला आणि निघालो.

पहिल्या दोनचार मिनिटांतच मला अस्वस्थ वाटायला लागलं. का ते कळेना. मग लक्षात आलं, लाटांचा आवाज येत नव्हता. समुद्र उजवीकडे दिसत होता, लांब, पण दार लावून घेतल्यासारखं सगळं गप्प होतं. वाळूवर खेकड्याचं एक बीळ नाही. पक्षी नाही. खारा वाससुद्धा नाही. अशा वेळी माझं तोंड जास्त चालतं. मी रेवाला चंद्र, उधाण, ओहोटी असलं काय काय सांगत सुटलो. ती काही बोलत नव्हती. तिने माझा हात दोन्ही हातांनी धरला होता. मध्ये एकदा मी तो सोडवून घेतला, चार पावलं मागे राहून तिचा पाठमोरा फोटो काढला आणि परत हात दिला. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. पण परत फिरायचं कारण काय सांगणार? ऊन होतं, वाळू कोरडी होती, मी केलेला हिशोब बरोबर आला होता.

वीसेक मिनिटांत आम्ही पलीकडच्या पुळणीवर निघालो आणि एकदम आवाज आला. म्हणजे नेहमीचाच, समुद्राचा. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. समोर होडीच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. दाऊदभाई त्यांचं नाव, हे मागाहून कळलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि जाळं खाली ठेवून उठले.

"कुठनं आलाव?" त्यांनी विचारलं.

मी टोकाकडे बोट दाखवलं. खालून, म्हणालो.

ते रेवाजवळ गेले, वाकून तिच्या पॅन्टचा काठ चिमटीत धरून बघितला. मग माझे बूट बघितले. दोन्ही कोरडे होते. मग माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला मागे वळवलं.

खापरटोकावर लाटा फुटत होत्या. पुरुषभर उंच. वाळूचा पट्टा कुठेच नव्हता. आम्ही जिथून बाहेर पडलो तिथे, आमच्या शेवटच्या पावलांपासून हातभर अंतरावर, फेस येऊन थांबत होता. मी म्हणालो, पाणी फारच झपाट्याने चढलं हो.

"चढलं नाय," दाऊदभाई म्हणाले. "सकाळपासून चढतंय. आता भरलं."

घड्याळात दहा चाळीस झाले होते.

त्यांनी मला एका शब्दाने रागावलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. रेवाला होडीत बसवून पाणी पाजलं, आणि सड्यावर चढणाऱ्या पाखाडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत आम्हाला पोचवायला आले.

काका दुपारी आले. मी जेवतानाच सगळं सांगितलं, थोडं हसत, म्हणजे बघा कशी गंमत झाली या थाटात. पाऊणपटीचा हिशोबही सांगितला. काकांचा हात ताटात थांबला.

"नंदू," ते म्हणाले, "पाऊणपट येते ती भरतीची वेळ. ओहोटीची नव्हे रे."

मी वाद घातला. चाळिशी उलटलेला माणूस, जन्मभर मासे आणलेल्या माणसाशी भरतीवरून वाद घालत होतो. शेवटी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक काढलं. काका बरोबर होते. साडेदहाला पूर्ण भरती, तीही चतुर्दशीची, उधाणाची. वर्षानुवर्षं मी तो हिशोब उलटा लक्षात ठेवला होता. दर खेपेला कुणी ना कुणी गावचं सोबत असायचं, म्हणून तो कधी उघडा पडला नाही.

साडेचारला खरी ओहोटी होती तेव्हा काका मला खापरटोकाला घेऊन गेले. रेवाला काकूंपाशी ठेवलं. मला तिथे जे दिसलं त्याने उरलासुरला धीरही गेला. पायथ्याशी वाळूच नाही! एवढी मोठी ओहोटी, तरी खाली नुसते खडक, त्यांवर कालवांचे धारदार शिंपले, अनवाणी गेलं तर पाय फाटतील. मध्ये एक घळ, तिच्यात कमरेएवढं पाणी. लोक जातात ते खडकांवरून उड्या मारत. काकांना मी विचारलं, पावसाळ्यानंतर वाळू येते-जाते का? ते म्हणाले, पुळणीवर येते जाते, इथे मी जन्मात बघितली नाही.

मग मी फोटो दाखवला. पाठमोरी रेवा, पायाखाली कोरडी वाळू, वेळ दहा सव्वीस. काकांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला. टोकाचा खडक फोटोत आलेला नाही, नुसती वाळू आणि वर पांढरट आकाश. खरं सांगायचं तर सर्व्हेअर म्हणून मी हा पुरावा घेतला नसता. कुठलीही वाळू असू शकते. काकांनी फोन परत दिला आणि वळताना टोकाकडे तोंड करून हात जोडले. मला म्हणाले, यावर आता घरात बोलायचं नाही, पोर घाबरेल.

पुण्याला आलो. शर्वरीला सांगितलं, मजा आली. मे महिन्याचा आठवडा मला मिळाला.

त्या आठवड्यात मी रेवाला पोहण्याच्या क्लासला घातलं. का घातलं ते तुम्हाला कळलं असेल. पहिल्या दिवशी ती उथळ बाजूला पाण्यात उभी होती, पाणी तिच्या छातीपर्यंत होतं, आणि मी काठावर टॉवेल घेऊन बसलो होतो. ती अगदी सहज म्हणाली, "बाबा, तिथे एवढंच होतं ना?"

मी विचारलं, कुठे?

"काकाआजोबांकडे. त्या टोकाला."

मी तिला बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि विचारत गेलो. तिने सगळं सांगितलं. तिला सुरुवातीपासून पाणी दिसत होतं. माझ्या कमरेच्या वर, तिच्या छातीला. लाटा येताना दिसत होत्या. अंगाला ओलं लागत नव्हतं, थंडही वाटत नव्हतं, नुसतं दिसत होतं. आवाज मात्र तिला येत होता, इतका की मी काय बोलतोय ते मधूनमधून ऐकूच येत नव्हतं. मी फोटो काढायला हात सोडवला तेव्हा ती डोळे मिटून उभी राहिली होती. घाबरली होतीस का, म्हटलं. खूप, म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू म्हणालास ना, पाणी नाहीये," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच चुकीचं दिसतंय."

त्या संध्याकाळी मी शर्वरीला फोन केला. लपवण्यासारखं खूप होतं, पण लपवलं नाही. कॅलेंडर, पाऊणपट, दाऊदभाई, काका, पोहण्याचा तलाव, सगळं सांगितलं. यापुढे रेवा माझ्याकडे मुक्कामाला येणार नाही हे धरूनच चाललो होतो. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. पाणी की वाळू, खरं की भास, याबद्दल तिने एक शब्दही विचारला नाही. शेवटी म्हणाली,

"नंदन, मला समुद्राची भीती कधीच नव्हती. तू सांगितलंस तर ती पाण्यातूनही चालत जाईल, याची होती."

रेवा अजून येते माझ्याकडे, मुक्कामालासुद्धा. ते शर्वरीचं मोठेपण. त्या वाळूचं मला आजही काही उत्तर सापडलेलं नाही. दोघांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर दोघांचे भास एकमेकांच्या अगदी उलट कसे? आणि भास होता, तर कपडे कोरडे कसे? कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पण खरं सांगू, रात्री झोप मोडते ती त्यामुळे नाही. स्वतःच्या डोळ्यांना छातीपर्यंत पाणी दिसत असताना, माझा हात धरून, एक अक्षर न बोलता वीस मिनिटं चालणारी माझी मुलगी मला दिसते, आणि मी तिच्या शेजारी चंद्राबद्दल बडबडत असतो.