दोनशे तीस वॅटचं स्वयंपाकघर

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसणारच. फक्त आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत हे कुणाला बोलू नका. तिथे मला अजून लोक 'साहेब' म्हणतात हो!

मी बत्तीस वर्षं वीज कंपनीच्या ऑफिसात काढली. होतो क्लार्क, पण आमच्या नातेवाइकांत ज्या वस्तूला वायर आणि पिन आहे, तिच्याबद्दलचा शेवटचा शब्द माझा. मिक्सर घ्यायचाय? मामांना विचारा. गिझर घ्यायचाय? मामांना विचारा. मग भाची लॅपटॉप घ्यायला निघाल्यावर मी घरी बसेन होय?

भाची म्हणजे तेजू. इंटिरियर डिझाईन शिकलेली. दोन वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात बसून दुसऱ्याच्या नावावर स्वयंपाकघरं काढत होती. आता पहिल्यांदा स्वतःचं काम मिळण्याच्या बेतात होतं. द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या नसरीनभाभींना किचन नवं करायचं होतं. डिझाईन त्यांना पसंत पडलं तर नोकरी सोडून तेजूचं स्वतःचं काम सुरू, नाहीतर पुन्हा तीच खुर्ची आणि तोच साहेब.

दुकानदार म्हणाला, "ताई, थ्रीडी करणार ना? मग ग्राफिक्स कार्डवालाच घ्या."

"आणि नाही घेतला तर?" हे अर्थातच मी.

"काका, पत्रं टाइप करायची, सिनेमे बघायचे, तर काही फरक पडत नाही. उगाच घेऊही नका. पण थ्रीडी चित्र फिरवायचं म्हणजे फार लोड येतो. तो सगळा कार्ड उचलतं."

लोड! माझे कान टवकारले. बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? चार्जर हातात घेतला. चार्जर कसला, वीट! उलटा करून, चष्मा पुसून वाचलं. दोनशे तीस वॅट.

"दोनशे तीस?" मी ओरडलोच. "अहो, एवढ्यात माझ्या घरातले तीन पंखे फिरतात! बिनकार्डाचा किती खातो?"

"पासष्ट."

"बघ तेजू, पासष्ट!"

"मामा, मला पंखे नाही फिरवायचे."

घेतला तिने तोच. स्वतःच्या पगारातून घेतला, त्यामुळे मला जास्त बोलता येईना. पण ते दोनशे तीस माझ्या डोक्यातून जाईनात. जेवताना आठवायचे, आंघोळ करताना आठवायचे.

भाभींना डिझाईन दाखवायचा दिवस उजाडला. तेजू सकाळी माझ्याकडे आली, लॅपटॉप उघडून एकदा सगळं चालवून बघितलं. काय सुरेख फिरत होतं ते किचन! मग म्हणाली, "मामा, मी लॅमिनेटचे नमुने घेऊन येते. तोवर चार्जिंगला लावा. बाकी कशाला हात लावू नका."

आता मला सांगा, असं कुणी बजावून जातं का? मी फक्त बघत होतो. बघता बघता सेटिंगमध्ये शिरलो. तिथे त्या डिझाईनच्या प्रोग्रॅमपुढे दोन पर्याय होते, 'हाय परफॉर्मन्स' आणि 'पॉवर सेव्हिंग'. वीज कंपनीत आयुष्य घालवलेला माणूस काय निवडणार? निवडलं! मग प्रोग्रॅममध्ये डोकावलो, तर 'हार्डवेअर ॲक्सलरेशन' नावाची एक टिक दिसली. म्हटलं, स्वयंपाकघर काय मुंबई हायवेवर पळवायचंय? तीही काढली. पोरीचं बिल वाचवलं म्हणून मी स्वतःवर भलताच खूश झालो.

भाभींकडे चहा आला, खारी आली. तेजूने लॅपटॉप उघडला. आधी भिंत आली. मग आम्ही वाट बघितली. मग ओटा आला. सिंक आलं, पण नळ काही येईना.

तेजूने चित्र फिरवलं. ते निम्मं फिरून थांबलं. भाभींनी चहाचा घोट घेतला. आणि उरलेलं निम्मं एकदम असं फिरलं, की आम्हाला सगळ्यांना फ्रीजची पाठ दिसायला लागली.

"बेटा, हे असंच चालणार का?" भाभी म्हणाल्या. "मला तर चक्कर यायला लागली."

"सकाळी नीट चालत होतं हो भाभी..." तेजूचा चेहरा एवढासा झाला.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मी? "मी तेव्हाच सांगितलं होतं!" म्हणत मी दुकानदाराला फोन लावला. तोही स्पीकरवर, भाभींनाही कळावं म्हणून!

"दोनशे तीस वॅट खाऊन तुमचं मशीन ढिम्म हलत नाही! फसवलंत आम्हाला!"

"काका, जरा शांत व्हा. ताईंना दोन सेटिंग बघायला सांगा." त्याने कुठे बघायचं ते सांगितलं.

तेजूने बघितलं. "अय्या, पॉवर सेव्हिंगवर टाकलंय! आणि हार्डवेअर ॲक्सलरेशनही बंद."

"मग कसं चालेल ताई? कार्ड बसलंय आराम करत आणि सगळं ओझं एकट्या प्रोसेसरवर. पण हे आपोआप होत नाही हां. घरात कुणी लहान मूल आहे का?"

तेजूने माझ्याकडे बघितलं. "आहे ना," ती म्हणाली. "बासष्ट वर्षांचं."

मी खारीकडे बघत बसलो.

सेटिंग पूर्ववत झालं, प्रोग्रॅम पुन्हा उघडला, आणि काय सांगू! किचन गर्रकन फिरलं. ड्रॉवर उघडले, मिटले. नळ तर आलाच, वर खिडकीतला उजेडही त्याच्यावर चमकला. "शेगडी खिडकीपासून लांब घे गं, वारा लागतो," असं भाभी म्हणेपर्यंत शेगडी सरकलीसुद्धा.

भाभींनी कप खाली ठेवला. "काम तुझंच बेटा. सोमवारी मिस्त्री पाठव."

तेजूच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खरं सांगतो, मला स्वतःची फार लाज वाटली. माझ्या हुशारीपायी पोरीचं पहिलंच काम हातचं जाणार होतं.

"पण एक अट आहे," भाभी हसत म्हणाल्या. "वायरिंगच्या दिवशी मामांना आणू नको. वीज वाचवायला माझा फ्रीज बंद करून जातील!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण अर्ध्यावरच थांबलो. त्याचं काय झालं, मघाशी चहाआधी मी हात धुवायला आत गेलो होतो. आत कुणी नव्हतं आणि ओट्याशेजारी एक बटण आपलं उगाचच चालू दिसलं. हात आपोआप गेला हो!

"जरा पाणी पिऊन येतो," म्हणत मी हळूच उठलो.

"बसा मामा, बसा," भाभी म्हणाल्या. "फ्रीज मी तेव्हाच चालू केला."