केनींचे घडीचे घर

फुलपाड्याच्या ‘निसर्गछाया’ इमारतीत श्रीरंग केनींविषयी पुष्कळ वर्षे एकच मत होते. स्वतःचा फ्लॅट असताना महिन्यातून दोन दिवस उघड्यावर राहायला जाणारा माणूस एक तर विरक्त असतो, नाही तर घरातून हाकललेला असतो. केनी बायकोलाही बरोबर नेत असल्यामुळे या दोन्ही शक्यता बाद होत आणि शेजारी अधिकच चिंतेत पडत. पहिल्या मजल्यावरच्या हेमांगीबाई लिफ्टपाशी भेटल्या की हटकून विचारीत, “काय केनीकाका, घरात ढेकूण झालेत का? परत निघालात तंबू घेऊन?” केनी नुसते हसत आणि तंबूची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत. एकोणीस वर्षांत त्यांनी या प्रश्नाला उत्तर दिलेले कोणी ऐकले नव्हते.

इमारतीविषयी थोडे सांगायला हवे. नावात निसर्ग आणि छाया दोन्ही आल्यामुळे आवारात त्यांपैकी काहीही ठेवण्याची गरज बिल्डरला वाटली नव्हती. मंजुरी चार मजल्यांची होती. मजले सात झाले. ओसी, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, पुढच्या महिन्यात येणार होता. तो महिना अजून उगवायचा होता. केनींचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता.

यातला विनोद असा, की केनींचा सारा जन्म कागदांत गेला होता. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पदवी घेऊन मुंबईतल्या एका शिपिंग कंपनीच्या कागदपत्र विभागात चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. जहाजातून उतरलेल्या पेटीत यंत्र असो वा टाचण्या, कागदावर एक सही कमी असली तर ती पेटी जागची हलू द्यायची नाही, हे त्यांचे काम. मंत्र्यांच्या ओळखीची माणसे त्यांच्या टेबलासमोर घाम पुसत बसल्याच्या कथा होत्या. आणि असा हा माणूस आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करताना “येईल हो दाखला, काका, घरातलीच गोष्ट आहे” एवढ्या तोंडी आश्वासनावर सही करून मोकळा झाला. हे त्यांनी स्वतःला कधी माफ केले नाही. मात्र ते तसे बोललेही नाहीत. बोलणे हा प्रकारच त्यांना फारसा मान्य नव्हता.

“घरी हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो,” त्यांच्या पत्नी आशालताबाई सांगत, “आणि त्यातले चार टीव्हीला.”

तंबूत मात्र ते बोलत. लहानपणी भात राखायला शेतात उभारलेल्या माचीवर ते वडिलांशेजारी झोपत, ती सवय असावी. चार भिंतींत त्यांचा घसा बसे आणि कापडाच्या आडोशाला तो मोकळा होई. कळंबच्या समुद्राजवळ त्यांचा कंपनीतला जुना सहकारी निकोलस याची वाडी होती. तिथल्या माडांखाली तंबू ठोकला, स्टोव्हवर चहा ठेवला, की केनी आपल्या घरच्या बोलीत सुरू होत. मिठागरे, खाडीतली निवटी मासळी, आत्याचे मोडलेले लग्न, कंपनीतला लबाड इंग्रजी बोलणारा साहेब. आशालताबाईंना नवऱ्याविषयी जे काही ठाऊक होते ते सगळे त्यांना जमिनीवर बसून कळले होते.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत नेमकी ती जमीन आड आली. सकाळी चहा झाला, केनींची एक गोष्ट सांगून संपली, आणि आशालताबाई उठायला गेल्या तर उठताच येईना. दोन्ही गुडघ्यांनी एकाच वेळी संप पुकारला होता. केनींनी एका हाताला धरले, निकोलसने दुसऱ्या हाताला आणि त्याच्या सुनेने मागून आधार दिला. तरी तंबूच्या बुटक्या दारातून त्या बाहेर आल्या त्या रांगतच.

“झालं,” त्या माडाला टेकून म्हणाल्या. “आता तुम्ही एकटे यायचं. मी घरी बसून टीव्हीशी बोलेन.”

केनींचा चेहरा असा झाला, की निकोलसला हसू दाबावे लागले. “अरे शिरंग, रडतोस काय? वहिनीला पलंग पाहिजे ना? मग पलंग गाडीला बांध आणि आण.”

तो थट्टा करीत होता. केनींनी मात्र ती सूचना म्हणून ऐकली. परतीच्या वाटेवर जीप चालवताना ते अवाक्षर बोलले नाहीत. आशालताबाईंना वाटले, चिडले आहेत. ते मनात मापे घेत होते.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात घडीच्या ट्रेलर-गाड्या तयार होतात, याचा शोध त्यांनी पुढच्या महिन्याभरात लावला. जीपच्या मागे जोडायची, दोन चाकांची, कमरेइतक्या उंचीची चपटी पेटी. मुक्कामाला पोचले की एक दांडा फिरवायचा. छप्पर वर उठते, दोन्ही बाजूंनी गाद्यांसकट पलंग बाहेर सरकतात, भोवती कापडाच्या भिंती ताणल्या जातात. खिडक्या, ओटा, पाण्याची टाकी, सगळे आतच. पलंग गुडघ्याच्या वर येत होता. केनींनी तो स्वतः टेपने मोजला, आशालताबाईंना त्यावर पाच वेळा बसवून उठवले, आणि मगच होकार दिला.

गाडी तयार झाली तरी ती घरी यायला अडीच महिने लागले. कारण केनींना तिचे कागद हवे होते. कारखान्याचे मान्यतापत्र, आरटीओची नोंदणी, क्रमांकाची पाटी, विमा. “काका, ट्रेलर कोण विचारतं?” असे कारखान्यातल्या तरुणाने दोनदा विचारून पाहिले. तिसऱ्यांदा विचारण्याचा धीर त्याला झाला नाही.

गाडी आवारात आली त्या रविवारी आशालताबाईंनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून केनींनी दांडा फिरवला. छप्पर उठले, पलंग सरकले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेमांगीबाई आत डोकावून उत्स्फूर्तपणे म्हणाल्या, “अगं बाई, हे तर आमच्या हॉलपेक्षा मोठं आहे!”

हे वाक्य उच्चारले गेले नसते तर पुढचे बरेच काही टळले असते.

संध्याकाळपर्यंत हॉलच्या लांबी-रुंदीचा विषय सातही मजल्यांवर पोचला आणि सोमवारी सोसायटीला नियमांची आठवण झाली. सचिव जितेश हा नियमांच्या बाबतीत अत्यंत जागरूक तरुण. सोसायटीच्या नियमावलीत वाहनांचे दोनच प्रकार होते. या गाडीला चाके दोन, म्हणून तो तिला दुचाकींच्या रांगेत घेऊन गेला. तिथे ती मावेना. चारचाकींच्या यादीत घालावी तर त्या रकान्यात इंजिनचा क्रमांक लिहायचा होता. शेवटी केनींनी ती बंद पडलेल्या पंपाच्या खोलीमागे, कोणाच्याच वाटेत येणार नाही अशा कोपऱ्यात उभी केली. निकोलसच्या वाडीत पावसाळ्यात मांडीइतके पाणी भरते आणि रस्त्यावर ठेवली तर वाहतूक पोलिसांनी ती उचलून नेली असती. तो कोपरा गेला तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर कळंब गेले, हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होते.

दर रविवारी सकाळी आशालताबाई तिला ऊन दाखवायला उघडू लागल्या. आत बसून भाजी निवडू लागल्या. केनी समोर बसून, आश्चर्य म्हणजे, चक्क बोलू लागले. हे दृश्य समितीला असह्य झाले. खास सभा भरली.

“ज्याला छप्पर आहे, भिंती आहेत, ओटा आहे, ते वाहन कसं?” अध्यक्षांनी विचारले. त्यांनी सातव्या मजल्याच्या वर, गच्चीत, स्वतःसाठी एक खोली बांधली होती, त्यामुळे छप्पर आणि भिंती यांची त्यांना बारकाईने माहिती होती. “हे सरळसरळ अनधिकृत बांधकाम आहे.”

“आणि आज एकाने केलं तर उद्या प्रत्येक जण करेल,” हेमांगीबाई म्हणाल्या. त्यांनी आपली गॅलरी पुढे वाढवून त्यात स्वयंपाकघर हलवले होते.

“काका, तुमचं काय म्हणणं?” जितेशने रीतसर विचारले.

“कागद आहेत,” केनी म्हणाले. दोन शब्द. सभेने त्यांची नोंद घेतली नाही.

जितेशने त्याच दिवशी पालिकेकडे तक्रार पाठवली. सोबत पाच छायाचित्रे जोडली. अशा अर्जांचे पुढे काय होते याची फुलपाड्यात कोणी फारशी चौकशी करीत नाही. त्यामुळे आठव्या दिवशी उत्तर आले तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना आनंद झाला. तो पत्र वाचून होईपर्यंत टिकला. ‘सदर आवारातील अनधिकृत बांधकामाची पाहणी करण्यासाठी अभियंता गुरुवारी सकाळी येत आहेत,’ असे त्यात होते.

कोणते बांधकाम, हे मात्र लिहिलेले नव्हते.

त्या एका गाळलेल्या शब्दाने ‘निसर्गछाया’त जे घडवले ते एकोणीस वर्षांत कोणत्याही समितीला जमले नव्हते. सगळ्यांचे एकमत झाले. अध्यक्ष गच्चीत जाऊन आपल्या खोलीकडे पाहून आले. हेमांगीबाईंनी वाढवलेल्या गॅलरीवर साड्या वाळत घातल्या, जणू साडीखाली भिंत अदृश्य होते. जितेशने वरून खाली आणि खालून वर मजले मोजून पाहिले. दोन्ही वेळा सातच भरले.

बुधवारी तिघेही केनींच्या दारात उभे राहिले.

“काका, ही गाडीच आहे,” जितेश म्हणाला. “मी परत वाचलं. नक्की गाडीच.” त्याने खिशातून वाहनतळाचा स्टिकर काढला. त्यावर क्रमांकही घातला होता. “कोपरा कायमचा तुमचा. ठराव लिहून आणलाय.”

“इंजिनचा रकाना?” आशालताबाईंनी विचारले.

“तिथे आडवी रेघ मारली, काकू.”

अध्यक्षांनी खाकरून घेतले. “श्रीरंगराव, बदल्यात एकच विनंती. साहेब आले की तुम्ही काही बोलू नका. म्हणजे, तसं तुम्ही बोलत नाहीच.”

केनींनी स्टिकर घेतला, उलटसुलट पाहिला आणि मान डोलावली. दार लागल्यावर आशालताबाई म्हणाल्या, “मिळाली बाई जागा. फुकट गप्प बसायचात, आता त्याचं काहीतरी झालं.”

गुरुवारी अभियंता आला. तरुण होता, थकलेला होता, आणि अशा पाहण्यांत लोक आपल्याला घाईघाईने एकाच दिशेला नेतात हे त्याला माहीत होते. समिती त्याला थेट कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे घडी केलेली गाडी आणि तिच्याशेजारी खुर्चीवर आशालताबाई होत्या. केनी फाईल घेऊन उभे होते.

“हे वाहन आहे, साहेब,” अध्यक्ष म्हणाले. “गैरसमजातून अर्ज गेला. आमच्याकडे सगळं नियमात असतं.”

“कागद?”

केनींनी फाईल उघडली. अभियंत्याने मान्यतापत्र पाहिले, नोंदणी पाहिली, विमा पाहिला, चाकाजवळ वाकून क्रमांक ताडून पाहिला. एकही सही कमी नव्हती. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नोकरीत क्वचित मिळणारे समाधान होते.

“इतके कागद मी पूर्ण इमारतींचे पाहिलेले नाहीत,” तो म्हणाला. समितीचे तिघे गरजेपेक्षा मोठ्याने हसले. मग त्याने केनींना विचारले, “पण काका, वर चांगला फ्लॅट असताना ही डबी कशाला?”

तोच तो प्रश्न. अध्यक्ष तत्परतेने मध्ये पडले. “हौस हो, साहेब. म्हातारपणचं खेळणं. खरं घर आहे ना, सहाव्या मजल्यावर.”

केनींनी फाईल मिटली. गाडीवरचा नवा स्टिकर उन्हात चमकत होता. त्यांनी आशालताबाईंकडे पाहिले. बोलले तर कोपरा जाणार, हे त्यांच्याइतकेच त्यांच्या बायकोलाही कळत होते. त्या खुर्चीवरून, गुडघ्यांवर हात टेकून, कोणाचाही आधार न घेता उठल्या.

“बोला की,” त्या म्हणाल्या. “इथे तरी बोला.”

केनी अभियंत्याकडे वळले. कागदपत्र विभागातली मराठी त्यांना त्या क्षणी सुचली नाही. जी आली ती माचीवरची होती.

“खरं घर ह्याच हाय, सायेब. याचे कागद हायत. वरच्याचे नायत.”